काटा लाल, पाणी गार

बारामतीहून इंदापूरला जायला आम्ही काटेवाडी, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी हाच रस्ता धरतो. आषाढीला तुकोबांची पालखी याच वाटेने जाते. थंडीत मात्र हा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांचा. त्या रविवारी इंदापूरला मामूंच्या नातवाचा अकीका होता. फजरनंतर लगेच निघालो. धाकट्या भावाच्या जुन्या डिझेल पिकअपमध्ये मागे तीन देगी आणि तांदूळ, पुढे आम्ही दोघं.

बारामती ओलांडायच्या आत तापमानाचा काटा थेट लाल पट्टीवर गेला. मी दचकले. भाऊ हसला. "आपा, खोटारडा आहे तो. त्याच्याकडे बघायचंच नाही."

गेल्या उन्हाळ्यात दिवेघाटात ही गाडी उकळली होती. हेड गॅस्केट गेलं, महिन्याभराची कमाई गेली, आणि काटा शेवटपर्यंत खालीच होता. तेव्हापासून त्याचा काट्यावरचा विश्वास उडाला. मला भीती वेगळीच होती. उद्या गाडी खरंच तापली तर हा बघणारच नाही.

भवानीनगरच्या साखर कारखान्याजवळ मी गाडी थांबवायला लावली. वाफ नाही, पंखा फिरतोय. रेडिएटरचं झाकण उघडायला हात पुढे केला तर भाऊ ओरडलाच. गरम इंजिनात पाणी दाबाखाली असतं, उकळतं पाणी तोंडावर उडतं. बरं झालं ओरडला.

निमगाव केतकीत, पानमळ्यांच्या त्या गावात, एक गॅरेज उघडं दिसलं. म्हाताऱ्या मिस्त्रींनी एकच विचारलं, "गार इंजिन चालू केल्यावर काटा किती वेळात चढतो?"

"दोन मिनिटांत."

"दोन मिनिटांत इंजिन तापत नसतं, बाई."

थर्मोस्टॅटजवळच्या पितळी सेन्सरवरची एकुलती वायर त्यांनी ओढून काढली. काटा खाली पडला. पाणी तापेल तसा या सेन्सरचा विद्युतरोध कमी होतो आणि काटा चढतो. आमचा आतून शॉर्ट झाला होता, म्हणून काटा कायम लाल. वायरच कुठं घासून बॉडीला लागली असती, तर सेन्सरवरून काढल्यावरही तो वरच राहिला असता.

"मग घाटात का नाही चढला?" भावाने जरा रागानंच विचारलं.

"पाणी होतं का तेव्हा?"

भाऊ गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "पाइप फुटला होता."

"सेन्सर पाण्याची उष्णता सांगतो. पाणीच संपलं तर हवेत लटकून तो काय सांगणार? त्याच तापात भाजला असेल बिचारा."

इंजिन गार होईपर्यंत थांबलो. मामूंचे फोनवर फोन: देगी कुठे आहेत? मिस्त्रींनी थोडं कूलंट खाली काढलं, सेन्सर सोडवला, आणि आटे जुळावेत म्हणून तोच नमुना देऊन पोराला मोटरसायकलवर इंदापूरला पिटाळलं. नवा आणल्यावर पोरानं आट्यांवर पांढरी टेप गुंडाळायला घेतली. मिस्त्रींनी ती ओरबाडून काढली. एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं. टेप मध्ये आली की काटा पुन्हा चुकणार. तांब्याचा नवा वॉशर, बेताचा आवळ, कारण पितळ आहे. मग कूलंट भरून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट घालत राहिले. यावेळी काट्याला मध्यावर यायला चांगली दहा मिनिटं लागली. इतका वेळ मी काट्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

देगी चुलीवर चढल्या तेव्हा जोहरची अजान होऊन गेली होती. मामू संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. चाँदशाहवली बाबांच्या दर्ग्यात फातिहा पढून आम्ही परत निघालो.

सणसरजवळ पुढे दोन ट्रॉल्या. गाडी रेंगाळू लागली. मी काहीतरी सांगत होते, तर भावाने हात वर करून मला थांबवलं. काटा रेघेच्या केसभर वर गेला होता. रस्ता मोकळा झाला, काटा रेघेवर परतला.

"हां आपा, काय म्हणत होतीस?"