मालगाडी निघून गेल्यावर

मैत्रिणींनो, नागपूरहून वर्ध्याकडे निघालात की बुटीबोरीनंतर आमचं गाव लागतं. वर्ध्याजवळ सिंदी (मेघे) आहे, म्हणून आमची ही ‘सिंदी रेल्वे’. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई, दोन्ही वाटांच्या गाड्या इथूनच धडधडत जातात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र इथे मुद्दाम उतरा. त्या दिवशी तान्हा पोळा! मोठमोठे लाकडी नंदी सजून निघतात, अन् पोरंसोरं आपापले छोटे नंदी घेऊन घरोघर बोजारा मागत फिरतात.

त्याच रात्री आमच्या आळीतल्या बायकांचं खंजिरी भजन होतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) ही खंजिरी विदर्भात घरोघरी पोचवली. १९३६ साली ते सेवाग्रामला गांधीजींजवळ राहिले होते, त्यामुळे आमच्या जिल्ह्याला त्यांचं अप्रूप अंमळ जास्तच. या भजनात सारं काही आधी ठरलेलं नसतं बरं का! कोणती ओळ किती वेळा घोळवायची, लय केव्हा वाढवायची, हे पुढे बसणारी त्या क्षणी ठरवते. बाकीच्यांनी कान देऊन तिच्या मागे जायचं.

पुढे बसल्या होत्या आमच्या सासूबाई. पेटीवर मी. माहेरून आणलेली ही पेटी बारा वर्षं माळ्यावर होती. “घरच्या सुनेनं पेटी कायले वाजवाची?” असं एकदा त्याच म्हणाल्या होत्या. यंदा त्यांनीच ती खाली काढायला लावली. म्हणजे बघा, माझी केवढी परीक्षा!

अन् सुरुवातच फसली. भाद्रपदातली ओल, खंजिरीचं कातडं गार पडून भद्द वाजू लागलं. ते शेगडीवर शेकून आणलं. मी माझ्या सवयीने काळी पाच धरली. बायकांचे गळे तिथवर चढेनात. मी आपली ताना घेण्यात गुंग! मागच्या रांगेतल्या दोघी उठून गेल्या. तेवढ्यात मालगाडी आली. डबे संपता संपेनात. कुणाचा आवाज कुणाला ऐकू येईना. मला वाटलं, झालं, पेटी पुन्हा माळ्यावर.

पण सासूबाईंचा हात थांबला नव्हता. त्यांच्या बोटांकडे बघत टाळकरणींनी ठेका धरून ठेवला. गाडी गेली, अन् त्या शांततेत सासूबाईंनी हलकेच ओळ उचलली, आपल्या गळ्याला सोसेल तेवढ्याच सुरात. प्रथमच मी नीट ऐकलं. काळी तीन! बोटं तिकडे सरकवली, ताना सोडल्या. मग काय विचारता! लय चढत गेली, एकच ओळ कितीदा फिरली कोण जाणे. उठून गेलेल्या दोघी दारात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

घरी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, “पेटी इथंच राहू दे व, पलंगाखाली.”

तेव्हा मैत्रिणींनो, चारचौघींत वाजवायला बसलात, तर आपला सूर लावण्याआधी त्यांचा विचारून घ्या. मी विचारला नव्हता. तो ऐकायला मला मालगाडी जाऊ द्यावी लागली!