आवाज कुणाचा... लॅमिंग्टन रोडचा!

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेकडून बाहेर पडा, गर्दीबरोबर दोन-तीन मिनिटं चालत राहा आणि जिथे एकाच वेळी तीन दुकानांतून तीन वेगवेगळी गाणी अंगावर येतील, तिथे थांबा. वेलकम टू लॅमिंग्टन रोड! पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ते टॅक्सीवाल्याला सांगून बघा, तो नुसता तुमच्या तोंडाकडे बघत राहील. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. साहेब गेला, नाव काही जात नाही.

ऑफिसातल्या निम्म्या पब्लिकने इथून कधी ना कधी हार्ड डिस्क नाहीतर चार्जर उचललेला असतो. मी मात्र अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर घ्यायला निघाले होते. सहा महिने थकलेलं एक फ्रीलान्स पेमेंट एकदाचं अकाऊंटला जमा झालं होतं. त्यातले २५ हजार आवाजासाठी बाजूला काढले. असा चेक वर्षातून एकदाच येतो, त्यामुळे जे घेईन ते पुढची काही वर्षं ऐकावं लागणार, हे पक्कं होतं.

‘एवढी उठाठेव कशाला? ब्लूटूथ स्पीकर घे ना!’ हा सल्ला मला किमान सात जणांनी दिला. त्याचं उत्तर याच रोडवर मिळतं. इथल्या मिनर्व्हा थिएटरात १९७५ साली ‘शोले’ लागला, ७० एमएमचा पडदा आणि स्टिरिओफोनिक साऊंडसकट, आणि पाच वर्षं उतरला नाही. जयने उडवलेलं नाणं खणखणलं की लोक सीटखाली वाकून बघायचे, असा किस्सा जुनी मंडळी अजून सांगतात. मिनर्व्हा आता राहिलेलं नाही, पण मुद्दा तोच. दोन स्पीकर नीट अंतरावर ठेवले की गाणारा बरोब्बर मधे उभा राहतो, तबला एका बाजूला सरकतो, तानपुरा मागे जातो. वीतभर डब्यातून हे होत नाही, बॉस.

पहिल्या दुकानात मला गुलाबी रंगाचा पार्टी स्पीकर दाखवण्यात आला. ‘मॅडम, हॉल में अच्छा दिखेगा.’ दुसऱ्या दुकानात ५.१ होम थिएटर. २५ हजारांत पाच स्पीकर आणि वर एक सबवूफर, म्हणजे एकेकाच्या वाट्याला किती पैसे आले ते तुम्हीच मोजा. गाणी ऐकायची असतील तर सहा फालतू डब्यांपेक्षा दोन चांगले कधीही परवडले. तिसऱ्या दुकानातल्या खोक्यावर छापलं होतं, २००० वॉट पीएमपीओ! हा आकडा म्हणजे नव्वदच्या दशकातल्या टू-इन-वनचा वारसा. क्षणभरासाठी कागदावर काय निघू शकेल याचा अंदाज, ज्याला कसलंही ठरलेलं माप नाही. विचारायचा आकडा एकच, आरएमएस. तोही किती ओमवर आणि किती डिस्टॉर्शनला ते विचारा. १० टक्के डिस्टॉर्शनवर मोजलेले वॉट म्हणजे गळा फाडून मोजलेला आवाज.

चौथं दुकान जेमतेम आठ फुटांचं, काऊंटरमागे साठीचे एक कच्छी काका. मी नेहमीप्रमाणे वॉटवरून सुरुवात केली.

‘वॉट छोड़ो बेटा. रूम कितना है?’

‘दहा बाय अकरा, काका. भाड्याची.’

‘फिर बीस-तीस वॉट बहुत हो गया.’

मला वाटलं, स्वस्तातलं काहीतरी गळ्यात मारतायत. पण काकांचं गणित पक्कं होतं. प्रत्येक स्पीकरच्या मागे किंवा माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते. समजा ८७ डेसिबल. म्हणजे एक वॉट दिला की एक मीटरवर एवढा आवाज. दहा बाय अकराच्या खोलीत आपण पलंगावर, स्पीकरपासून सहा-सात फुटांवर बसतो. तिथे एका वॉटमध्येच शेजारचे बेल वाजवतील! बाकीचे वॉट फक्त ढोलाच्या अचानक थापेसाठी राखीव. उलट ८४ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॉट लागतात. तीन डेसिबल गेले की वॉट दुप्पट, एवढं एक लक्षात ठेवलंत तरी या रोडवर तुम्हाला सहज कुणी गुंडाळणार नाही.

आता मोठा खर्च कशावर? स्पीकरवर, डोळे मिटून. स्वस्तातला अ‍ॅम्प्लिफायर आता इतका बरा झालाय की दोन अ‍ॅम्पमधला फरक ओळखायला कान टवकारावे लागतात. दोन स्पीकरमधला फरक जिन्यातूनही कळतो. इथल्या बोळांतल्या दुकानांत टीपीए३११६ या चिपचे बोर्ड भाजीसारखे मांडलेले असतात. ही क्लास-डी जातीची चिप. सिग्नल भराभर चालू-बंद करून काम भागवते, म्हणून फारशी तापत नाही, आणि २४ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर ८ ओमच्या स्पीकरला साधारण ३० वॉट देते. हाच बोर्ड टिफिनएवढ्या धातूच्या डब्यात बसवून तयारही मिळतो. सोल्डरिंगची हौस नसेल तर तो डबा घ्या.

स्पीकर मात्र ऐकल्याशिवाय घेऊ नका. कुठली गाणी? दुकानदाराची तर मुळीच नाही. त्याच्या पेनड्राइव्हवर फक्त धडाडधूम असतं. मी फोनमध्ये तीन गोष्टी डाउनलोड करून नेल्या होत्या. एक, किशोरीताईंचा भूप. दोन, ‘सैराट’मधलं (२०१६) ‘याड लागलं’. अजय-अतुलने त्या सिनेमासाठी लॉस एंजेलिसमध्ये अख्खा सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केलाय. स्वस्त स्पीकरवर ती सगळी व्हायोलिन्स एका गोळ्यात जमा होतात. आणि तीन, पुलंचं कथाकथन! हसू नका, सगळ्यात कडक परीक्षा तीच. माणसाचा आवाज कसा असतो हे आपल्या कानाला जन्मापासून माहीत आहे. एका चकचकीत जोडीवर पुलं पिंपात बसून बोलत होते. ती जोडी तिथेच बाद.

अजून एक फंडा. थोडा मोठा आवाज कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो, आणि जो माल खपवायचाय त्याचा नॉब दोन काटे पुढे असतो. फोनवर आवाज मोजायचं फुकट अ‍ॅप टाका, दोन्ही जोड्या एकाच आकड्यावर आणा, मग ऐका. मी हे केल्यावर एक सेल्समन जाम वैतागला. पण मघाशी ‘भारी’ वाटलेली जोडी एकदम मचूळ निघाली.

सेकंडहँडचा किडा असेल तर मौलाना शौकत अली रोडने वीसेक मिनिटं चालत चोर बाजार गाठा. शुक्रवारी नको, मटण स्ट्रीटची दुकानं बंद असतात. जुने जपानी अ‍ॅम्प दिसायला काय देखणे, जाडजूड अ‍ॅल्युमिनियमचे नॉब! पण आधी मागची पाटी वाचा. जपानच्या बाजारासाठी बनलेला तुकडा १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० मध्ये थेट घातलात की काम तमाम. स्पीकरची जाळी काढून कोनाभोवतीची कड बोटाने दाबा. फोमची असेल तर मुंबईच्या दमटपणात तिचा बहुधा भुगा झालेला असतो. रबराची असेल तर पुढे बोला. मला तिथला एक अ‍ॅम्प फार आवडला होता, पण व्हॉल्यूम फिरवला की पापड मोडल्यासारखा आवाज. रिपेअरवाला शोधायची तयारी असेल तरच या गल्लीत प्रेमात पडा.

शेवटी काकांकडेच परतले. सव्वापाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर १७ हजारांना, डबा अ‍ॅम्प साडेपाचला, तेही पक्क्या बिलावर. बिलाशिवाय स्वस्तात देणारे बरेच भेटतात, पण मग वॉरंटीला रामराम. वायर म्हणून काकांनी साधी तांब्याची दीड एमएमची दिली, दहा मीटर. सोन्याच्या पिनांच्या महागड्या वायरीबद्दल विचारलं, तर म्हणाले, ‘वो शादी में पहनना.’

दुपारी तीनच्या बोरिवली स्लोमध्ये दोन खोकी सहज मावतात. सहाच्या लोकलमध्ये खोकी सोडा, तुम्हीही मावणार नाही.

घरी आल्यावर प्लस-मायनस नीट बघून वायरी लावल्या. एका बॉक्सची उलटी लागली तर बास गायब होतो आणि गायक खोलीभर भरकटतो. स्पीकर कपाटाच्या दोन बाजूंना, ट्वीटर कानाच्या उंचीला, दोघांत साडेपाच फूट. पहिल्यांदा ते भिंतीला टेकवून ठेवले होते, तेव्हा तबल्याचा डग्गा नुसता घुमत होता. आठ इंच पुढे ओढल्यावर डग्ग्याची मींड वेगळी ऐकू यायला लागली आणि किशोरीताई मधोमध येऊन बसल्या. कपाटाचं उजवं दार मात्र आता अर्धंच उघडतं. त्या कप्प्यातले कपडे खुर्चीवर राहायला आलेत.