शंखपुष्पी आणि गोळी

बालाघाटास वनौषधींचे दारिद्र्य कधीच नव्हते. बैहरकडच्या रानांत हिरडा, बेहडा, आवळा विपुल. आणि सायंकाळची आरती आटोपली की सभामंडपात बसून एकमेकांस काढे सांगण्याचा आम्हां मंडळींचा परिपाठही जुनाच. ‘झाडपालाच तो, गुण आला नाही तरी अपाय नाही’, हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की ते एखाद्या ऋषीचे वचन असावे असे वाटू लागते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील एका अनुभवाने मात्र या वचनाविषयी आमच्या मनात शंका उत्पन्न केली. अपस्माराच्या दोन रोग्यांना फेनिटॉइन चालू असताना, आटोक्यात आलेले झटके पुन्हा येऊ लागले. दोघेही शंखपुष्पीचे औषध घेत होते. स्मरणशक्तीसाठी परीक्षेच्या दिवसांत घरोघरी आणली जाते तीच ही शंखपुष्पी! तेथील औषधशास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: शंखपुष्पी वारंवार दिल्यास रक्तातील फेनिटॉइन उतरते व त्याचा प्रभाव ओसरतो. नवल असे की शंखपुष्पीची एक मात्रा एकटीच दिली असता तीही झटक्यांना काहीशी आवरीत होती. म्हणजे दोन मित्र एकत्र येताच काम बिघडले.

मिरी-पिंपळीची तऱ्हा याच्या उलट. त्यांतील पायपरिनामुळे रक्तातील फेनिटॉइन वाढते. या औषधाच्या हितकर आणि विषारी मात्रेत अंतर थोडे. ते वाढले की पाऊल अडखळते, एकाचे दोन दिसू लागतात. जम्मूच्या शास्त्रज्ञांनी पायपरिनाचा असाच गुण कामी लावून क्षयावरील रिफाम्पिसिनची मात्रा ४५० मिलिग्रॅमवरून २०० वर आणली. त्या औषधास २००९ मध्ये मान्यता मिळाली. जाणत्याने मोजून केले ते हे. आपण चिमटीने करतो.

यात आयुर्वेदाची निंदा नाही. एवढे सामर्थ्य असलेल्या वनस्पतीस निरुपद्रवी म्हणणे हाच तिचा अपमान होय. आणि भिऊन अपस्माराची गोळी परस्पर बंद करणे तर त्याहून घातक. झटक्यामागून झटके येऊन जीवावर बेतते. खरी अडचण निराळीच आहे. काढ्याचे नाव डॉक्टरांपुढे काढण्यास आपण संकोचतो, आणि तेही सहसा विचारीत नाहीत.

आमच्या परिचयाच्या एक आजीबाई नातवास दवाखान्यात नेताना आता बाटली व गोळ्यांची पट्टी एकाच पिशवीत नेतात. पहिल्या खेपेस डॉक्टरांनी बाटली न पाहताच बाजूस सारली. आजीबाईंनी ती पुन्हा पुढे सरकवली.