सातचा भोंगा

पुणे-मिरज लोहमार्गावरच्या ताकारी स्टेशनात उतरून सागरेश्वराच्या डोंगराकडची वाट धरली, की पुढे देवराष्ट्रे लागते. यशवंतराव चव्हाणांचा जन्म इथलाच, १९१३ सालचा. सागरेश्वराचे अभयारण्यही माणसांनी झाडे लावून उभे केलेले, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. हा सारा भाग पूर्वी कोरडवाहू. ताकारी उपसा योजनेने कृष्णेचे पाणी वर चढवले आणि जिथे तिथे ऊस उभा राहिला.

कडेगाव तालुक्यात याच बाजूला मोहित्यांचे वडगाव आहे. वस्ती तीन हजारांच्या घरात. बहुतेक शेतकरी, काही साखर कारखान्यात कामाला. २०२२ च्या दिवाळीनंतर मी तिथे गेलो, तो ऊस पाहायला नव्हे, भोंगा ऐकायला!

त्याचे कारण सांगतो. “साधा फोन टाका, स्मार्टफोन घ्या, किडीचा फोटो पाठवा, औषध सांगतो,” असे बांधाबांधावर सांगत फिरणारा मीच. त्याचा उपयोगही झाला. मग २०२० साली कोरोनाने शाळा बंद पडल्या आणि तोच फोन अभ्यासासाठी पोरांच्या हाती गेला. शाळा उघडल्या, पण फोन काही परत आला नाही. माझा धाकटा तेव्हा बारावीला. पुस्तक टेबलावर, नजर मांडीवरच्या फोनवर. एका रात्री संतापून मी त्याचा फोन कपाटात घातला आणि कुलूप लावले. पोरगा जेवला नाही. चार दिवस बोलला नाही. आणि मी? कुलूप लावून खुर्चीत बसलो, तो स्वतःचा फोन उघडून.

वडगावात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. उसाने भरलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे निघाले होते. ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरी चहा घेत होतो, आतल्या खोलीत मालिका चालू होती. बरोबर सातला देवळावरचा भोंगा वाजला. घरातल्या सूनबाईंनी उठून टीव्ही बंद केला. शेजारच्या घरातलाही आवाज थांबला. पाचवीतली नात दप्तर घेऊन आमच्यासमोरच बसली.

एवढ्यात माझ्या खिशातला फोन थरथरला. सवयीने हात गेला. पोर म्हणाली, “काका, सात वाजल्यात.”

खरे सांगतो, अशी शरम मला साहेबांच्या बोलण्यानेही कधी वाटली नव्हती.

सूनबाई हसल्या. “पयल्यांदा आमालाबी जड गेलं, साहेब. मालिका बुडायची ना. पन आपन बघत बसायचं आन् पोरास्नी ‘वाचा’ म्हनायचं, त्ये ऐकत्यात व्हय?”

गावाने हे कसे ठरवले, तेही ऐका. सरपंच विजय मोहिते यांनी कल्पना मांडली, तेव्हा पुरुषमंडळींनी प्रथम थट्टाच केली. मग बायकांना एकत्र बसवले. आपणही मालिकांच्या नादी लागलो आहोत, हे त्यांनी आधी कबूल केले. १४ ऑगस्ट २०२२ च्या सभेत गावापुढे ठराव आला आणि सायंकाळी सात ते साडेआठ टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचे ठरले. सुरुवातीला ग्रामपंचायतीचे लोक, शिक्षक घरोघर फिरून आठवण करून देत.

तुम्ही म्हणाल, दीड तासाने काय होणार? साडेआठला फोन पुन्हा हातात येणारच. बरोबर आहे. पण ऊसवाल्यांनो, हुमणी आठवा. वळवाचा पाऊस पडला की तिचे भुंगेरे याच सांजवेळी जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. ते एकट्यानेच गोळा करून भागते का? शेजाऱ्याच्या झाडावरचे भुंगेरे तुमच्याही उसात अंडी घालतात. सगळ्या गावाने एकाच वेळी फांद्या हलवल्या, तरच जोर कमी होतो. फोनचेही तसेच. वर्गातले सगळे मित्र फोनवर असताना एकट्या पोराचा फोन काढून घेतला, तर त्याला ती शिक्षा वाटते. सगळ्यांचाच बंद झाला, की ती गावाची रीत होते. वडगावाने मुलांना वेगळे काढून दंडुका उगारला नाही. थोरामोठ्यांनी आधी आपला फोन खाली ठेवला. माझ्या कुलपात नेमके हेच नव्हते.

घरी परतल्यावर मी कपाटाचे कुलूप काढले. आमच्या कॉलनीत भोंगा कुठला? देवापुढे दिवा लागला, की चौघांचे फोन फडताळावर ठेवायचे ठरवले, पहिला माझा. पहिला आठवडा मुलगा तोंड फुगवून बसला. मलाही करमेना. दहाव्या दिवशी तो वही घेऊन आला. “बाबा, हे गणित जरा बघता?” मला ते आले नाही, ही गोष्ट वेगळी. पण तासभर आम्ही दोघे त्या वहीवर डोके घालून बसलो.

तेव्हा मंडळी, ग्रामसभेत हा विषय जरूर काढा. गाव तयार होईपर्यंत थांबू मात्र नका. आज दिवेलागणीला पोराचा फोन मागण्याआधी आपला फडताळावर ठेवून बघा.