इर्जिकीला गेलंच पाहिजे

आषाढात रविवारचा ओव्हरटाइम लागला की आमच्या लाइनवर सहसा कुणी नाही म्हणत नाही. कायद्याप्रमाणे जादा तासांना दुप्पट दराने पैसे मिळतात, आणि पोरीच्या कॉलेजची फी तोंडावर आली की त्या पैशांची फार गरज असते. मी शिरवळला कारखान्यात आहे. घर वेल्ह्यात, तोरण्याच्या पायथ्याला. विंझर, मार्गासनी, नसरापूर करत रोज मोटरसायकलनं जायचं-यायचं.

गेल्या पावसाळ्यात ओव्हरटाइमचा रविवार आणि आमच्या आळीतल्या काकूंची इर्जिक एकाच दिवशी आली. इर्जिक म्हणजे मजुरी न घेता, जेवणावर एकमेकांच्या शेतात काम करणं. काका उन्हाळ्यात गेले होते. मुलगा मुंबईला, त्याला रजा मिळेना. शनिवारी संध्याकाळी काकू दारात येऊन म्हणाल्या, "उद्या लावणी हाय रं. जमलं तर ये."

भाताची लावणी पुढं ढकलता येत नाही. रोप 21 ते 25 दिवसांचं झालं की खाचरात गेलेलं बरं. जून झालं तर फुटवे कमी येतात आणि त्याचा फटका थेट दिवाळीनंतरच्या काढणीत बसतो. त्यात आमच्याकडं पाऊस उघडीप देईल तेवढ्यातच सगळं उरकावं लागतं.

सुपरवायझरला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, "तिकडं मजुरी किती देतात?" मी म्हटलं, "मजुरी नसते, जेवण असतं." "मग कशाला जातोस?" याचं उत्तर फोनवर देता आलं नाही.

उत्तर मला माहीत होतं. मी शाळेत असताना ऐन चिखलणीत आमचा एक बैल दगावला. वडील दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आळीतल्या चार घरची औतं आमच्या खाचरात उतरलेली. कुणी काही विचारलं नाही, कुणी उपकाराची भाषा केली नाही. त्यानंतर कुणाचंही बोलावणं आलं की वडील आधी इरलं उचलायचे. मला त्यांनी हे कधी शिकवलं नाही, फक्त बरोबर नेलं.

काकूंच्या खाचरात पोचलो तेव्हा बायका दाढेतनं रोप उपटून, मुळांची माती धुऊन मुठी बांधत होत्या. ओळीनं वाकलो. एका हातात मूठ, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं नि दोन बोटांनी दोन-तीन काड्या चिखलात वरच्यावर दाबायच्या आणि मागं सरकायचं. खोल दाबलं तर फुटवा अडतो. काकूंनी त्या वर्षी काकांच्या हट्टाखातर एका खाचरात चारसूत्री लावणी ठेवली होती. दोरीवर 15 आणि 25 सेंटिमीटरच्या खुणा, चार चुडांच्या मधोमध खताची गोळी. काका असते तर दोरी त्यांनीच धरली असती. ती काकूंनी धरली, आणि एक ओळ वाकडी गेली तर पुन्हा लावायला लावली. दुपारी भात, मटणाचा रस्सा. पायाला चिखल तसाच.

पोरगी मानसशास्त्र शिकते. सुपरवायझरचा तो प्रश्न ऐकून तिनं रात्री एडवर्ड डेसी यांच्या 1971 च्या प्रयोगाचं सांगितलं. कोडी सोडवण्याचे पैसे दिलेल्या विद्यार्थ्यांचा पैसे बंद झाल्यावर त्यातला रस कमी झाला. मला ते पटलं, पण पुरतं नाही. मला लावणीत रस आहे असं कसं म्हणू? कंबर मोडते. मी रस आहे म्हणून जात नाही. काकूंचं खाचर पडीक दिसलं असतं तर त्या वाटेनं मला जाता आलं नसतं, म्हणून जातो.

इर्जिकीचं नुसतं गुणगान मात्र मी करणार नाही. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्याकडून फुकट काम करून घेणं ही वेठ झाली, आणि जेवणाच्या नावाखाली तीही गावोगाव चाललेली आहे. इर्जिक खरी तेव्हाच, जेव्हा बोलावणारा उद्या आपल्या बांधावर येतो. काकू आमच्या लावणीला आल्या, गुडघे दुखत असताना. मी नको म्हटलं तर रागावल्या.

फीचे पैसे नंतरच्या रविवारच्या कामातनं जमले. आता लाइनवरचा भोरकडचा एक जण आणि मी मिळून ठरवलंय. त्याच्या गावची लावणी असेल त्या रविवारी मी कामावर, माझ्याकडची असेल तेव्हा तो. सुपरवायझरना जूनमध्येच सांगून ठेवायचं.