खालून बोलावणारा मज्जातंतू

८ जानेवारी
चार वर्षांच्या नातवाला घेऊन आलेल्या आजी हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, याची एक गोटी कधी असते, कधी नसते." थंडीच्या दिवसांत असे बरेच येतात. मांडीच्या आतून बोट फिरवलं तर वृषण सर्रकन वर गेलं. जरा ऊब मिळताच उतरलं आणि खालीच राहिलं. शस्त्रक्रियेची गरज नाही. वर्षाला एकदा दाखवा म्हटलं. ही उडी घेणाऱ्या स्नायूला हुकूम देतो कमरेतून निघणारा जेनिटोफेमोरल मज्जातंतू. त्याची खरी कामगिरी मात्र जन्माआधीची.

९ जानेवारी
रात्री वाचत बसलो. वृषण तयार होतं पोटात, मूत्रपिंडापाशी. गर्भाच्या पंधराव्या आठवड्यापर्यंत ते जांघेजवळ येतं, ते संप्रेरकांच्या जोरावर. जांघेतून पिशवीपर्यंतचा पुढचा प्रवास साधारण पंचविसाव्या ते पस्तिसाव्या आठवड्यातला, आणि मज्जातंतूचा संबंध इथे येतो. उंदरांत हा प्रवास जन्मानंतर होतो, म्हणून प्रयोग जमतात. नवजात उंदरांत हा मज्जातंतू कापला तर वृषण उतरत नाही, हे १९४८ मध्येच दिसलं होतं. मेलबर्नच्या जॉन हटसन यांच्या गटाने १९८० च्या दशकापासून त्याचा पिच्छा पुरवला. मज्जातंतू वृषणाच्या आधी पिशवीत पोहोचतो आणि तिथून सीजीआरपी नावाचं द्रव्य सोडतो. वृषणाला बांधलेला गुबर्नाक्युलमचा पट्टा त्या दिशेने वाढत जातो. हे काम संवेदना वाहणाऱ्या तंतूंचं! त्यांना मारणारं मिरचीतलं कॅप्सेसिन नवजात उंदरांना टोचलं, तर उतरणं अडतं. पाठीच्या कण्याकडे बातमी नेणारा तंतू आपल्या दुसऱ्या टोकाला ऊतीला वाट दाखवतो. कितीदा वाचलं तरी मी थक्क होतो.

१३ जानेवारी
स्पायना बायफिडाचं, म्हणजे पाठीच्या कण्यात जन्मजात दोष असलेलं, बाळ तपासणीला आलं होतं. एक वृषण जांघेतच. वडिलांनी विचारलं, "पाठीच्या दुखण्याशी याचा संबंध आहे का?" अशा मुलांत हे जास्त आढळतं, आणि मज्जातंतूचा संबंध असावा असं वाटतं. पण माणसात सीजीआरपीचा पुरावा उंदरांइतका पक्का नाही. तसंच सांगितलं. आईबापांना अर्धवट खात्री देणं मला पटत नाही.

१७ जानेवारी
दहा महिन्यांच्या बाळाच्या न उतरलेल्या वृषणाची शस्त्रक्रिया नीट झाली. मज्जातंतूची बारीक शाखा दिसली, ती अलगद बाजूला ठेवली. आईचा प्रश्न होता, "पोटुशी असताना मी हंडे उचलले म्हणून का?" नाही, ताई. पूर्ण दिवसांच्या शंभरात सुमारे तीन मुलग्यांत हे असतं, कमी दिवसांच्यांत कितीतरी जास्त.

दुपारी त्याच तक्रारीचा सात वर्षांचा मुलगा आला. "वाढेल तसं उतरेल," असं सांगून त्याला घरी पाठवत राहिले होते. सहा महिन्यांनंतर आपोआप उतरण्याची आशा फार थोडी असते. पोटातली ऊब वृषणाला सोसत नाही. शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत व्हायला हवी. अंगणवाडी सेविकांच्या बैठकीत बोलायला वेळ मागितली आहे: नवव्या महिन्याच्या गोवराच्या लसीला आलेल्या प्रत्येक मुलग्याचा लंगोट सोडून बघा, आणि पिशवी रिकामी दिसली तर लगेच पाठवा.