नवी पेठेच्या आकाशातील पाहुणे

सोलापूरच्या नवी पेठेत सकाळी दुकानांची दारे उघडतात, गाद्यांवर स्वच्छ चादरी अंथरल्या जातात, साड्यांचे गठ्ठे सुटतात. संध्याकाळी सारी पेठ विजेच्या दिव्यांनी उजळून निघते. त्या गर्दीत आकाशाकडे पाहण्यास कोणास सवड नसते. परंतु हिवाळ्यात याच शहराच्या परिसरात दूरदेशीचे पाहुणे उतरतात. तुळजापूर रस्त्याकडील हिप्परग्याच्या एकरुख तलावावर हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात, चक्रवाक येतात. बार्शी रस्त्यावरील नान्नजच्या गवताळ माळावर भोवत्या हे शिकारी पक्षी हिवाळा काढतात.

नान्नज हे मुळात माळढोकाचे घर. त्याच्यासाठी १९७९ मध्ये येथे अभयारण्य झाले; आज तेथे माळढोक दिसला तर ती बातमी ठरते. माळराने आटली, हे एक कारण. या पक्ष्याचा दुसरा वैरी म्हणजे विजेच्या तारा. त्याचे शरीर जड आणि डोळे बाजूंना, त्यामुळे समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही. जैसलमेर भागातील ४,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात तारांना धडकून दरवर्षी सुमारे ८४,००० पक्षी मरतात, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे.

वाऱ्याच्या विजेला धूर नाही, राख नाही. तिचे स्वागतच करावयास हवे. प्रश्न आहे तो पवनचक्की कोठे उभारावी हा. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आणि सरडे अधिक, असे त्यात आढळले. आता पवनचक्क्या समुद्रातही उभ्या राहणार आहेत. गुजरात व तामिळनाडूच्या किनाऱ्यांपासून दूर प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये साहाय्य मंजूर केले. गुजरातचा किनारा हा तर मध्य आशियातून येणाऱ्या पक्ष्यांचा राजमार्ग. असे असूनही २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेतील पूर्वपरवानगीच्या यादीत जमिनीवरील पवनऊर्जा नाही.

उपाय महागडाच असतो असे नाही. स्पेनमधील कादिझ प्रांतात गिधाडे जवळ येताच निरीक्षक तेवढ्याच पवनचक्क्या थांबवू लागले. गिधाडांचे मृत्यू निम्म्यावर आले आणि विजेचे उत्पादन घटले ते केवळ ०.०७ टक्के. कोणत्याही वहीत हा सौदा नफ्याचाच लिहिला जाईल.

राजस्थानातील खिचन गावी जैन व्यापारी कुटुंबांच्या दाण्यावर दर हिवाळ्यात हजारो कुरजा पक्षी जगतात. परंतु दाणा घालणे ही दयेची अर्धीच बाजू झाली. त्यांची वाट मोकळी ठेवणे ही दुसरी.

नवी पेठेतला व्यापारी दुकानाची जागा घेण्यापूर्वी सर्व ऋतूंतली वर्दळ पाहतो, पाणी कोठे तुंबते तेही विचारतो. पवनचक्कीचा पाया खणण्यापूर्वी आकाशातली वर्दळही तशीच वर्षभर पाहावी. पाऊल टाकण्याआधी जमीन पाहावी, ही शिकवण ज्या घरांत लहानपणीच मिळते, त्यांना यात नवे काही वाटू नये.